गच्चीवर पारव्यांची पंगत, चिमण्या मात्र गायब

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घराच्या पुढं-मागं मिळून अर्धा गुंठा मोकळी जागा आहे. गेल्या दिवाळीपासून सासूबाईंनी नेम धरलाय, रोज सकाळी गच्चीवर मापटंभर ज्वारी टाकायची. मीही हौसेनं प्लास्टिकचा एक फीडर मागवून आंब्याला टांगला. पण येतात ते सगळे पारवेच. आधी पाच-सहा होते, आता मोजता येत नाहीत. पूर्वी वळचणीला चिमण्या असायच्या, त्या दिसेनाशा झाल्या. शेजारच्या काकांच्या सोलरवर घाण पडते म्हणून ते आमच्याशी बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढू नये. मला तर चिमण्या, बुलबुल, तो इवलासा चमकणारा पक्षी असे यायला हवेत. पाणी ठेवावं म्हटलं तर नळाला चार दिवसांआड पाणी. त्यातच कढीपत्त्यावर बुलबुलनं घरटं केलंय आणि मुलगा दिवसातून दहादा जाऊन बघतो. तो आता पोपट पाळू या म्हणून मागं लागलाय. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

ताई,

आधी बुलबुलचं बघू. बाकी सगळं दोन दिवस थांबेल, ते थांबणार नाही.

शेपटीखाली तांबडं आणि डोक्यावर काळा तुरा असेल तर तो लालबुड्या बुलबुल. दोन-तीन अंडी असतील. साधारण दोन आठवडे उबवणं चालतं आणि पिल्लं बाहेर आली की बारा-एक दिवसांत घरटं सोडतात. म्हणजे तीन-चार आठवड्यांचा मामला आहे. तेवढे दिवस त्या झाडाचा कढीपत्ता तोडू नका, भाजीवाली कोथिंबिरीवर दोन काड्या फुकट देतेच की.

मुलाला रागावू नका, पण झाडापाशी जाणं बंद करा. माणूस जवळ गेला की आई उडते आणि सोलापूरच्या उन्हात अंडी उघडी पडतात. शिवाय तारेवर बसलेला कावळा सगळं बघत असतो. माणूस रोज कुठल्या फांदीपाशी घुटमळतो ते त्याला बरोबर समजतं. त्यापेक्षा मुलाला खिडकीत बसवा, हातात वही द्या. आई किती वाजता आली, चोचीत काय होतं ते लिहू दे. त्याला दिसेल की पिल्लांसाठी येणाऱ्या चोचीत अळ्या आणि नाकतोडेच जास्त असतात. हे लक्षात ठेवा, खाली त्याचंच काम पडणार आहे. फांदी वाकवून व्हिडिओ काढायचा नाही. घरट्याजवळ दाणापाणी ठेवायची इच्छा होईल, तीही आवरा, त्यानं मांजर आणि कावळे गोळा होतात.

पिल्लू खाली पडलं आणि अंगावर पिसं नसतील, तर अलगद उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते, असं आपल्याकडे घरोघर सांगतात. तसं काही नसतं. पिसं फुटलेलं, तुरुतुरु उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर त्याला हात लावू नका. ते उडायला शिकतंय आणि आईबाप आसपासच आहेत. फार तर मांजर हाकला. खोक्यात घालून दूध पाजणं तर कधीच नको.

आता पारवे. इथं मी स्पष्ट बोलते, गच्चीवरची ज्वारी बंद करा.

पारवा हा मूळचा कड्याकपारीतला पक्षी. आपले छज्जे, एसीमागची सांद, पाण्याच्या टाकीखालची पोकळी या त्याला आयत्या कपारी मिळाल्या आहेत. त्यात सपाट गच्ची, भरपूर धान्य आणि रोजची ठरलेली वेळ. एका वेळी दोन अंडी घालतो, सतरा-अठरा दिवसांत पिल्लू बाहेर येतं, आणि खायला मिळत राहिलं तर वर्षातून अनेकदा. खरी गंमत पुढं आहे. पारव्याला पिल्लं वाढवायला किडे लागत नाहीत. नर आणि मादी दोघंही गळ्याजवळच्या अन्नपिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करतात आणि तोच पिल्लांना भरवतात. चिमणीचं तसं नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या आणि किडेच लागतात. त्यामुळे नुसत्या ज्वारीवर पारव्यांचा संसार वाढतो आणि चिमणीचा वाढत नाही. तुम्ही मापट्याचं पायली केलंत तरी त्यातून चिमण्या येणार नाहीत, पारवेच वाढतील. तुमच्या घरी गेले काही महिने हेच झालंय.

तब्येतीचंही आहे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. दुर्लक्ष झालं तर ती कायमची निबर होतात. मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून २०२५ मध्ये दादरला केवढं रान पेटलं आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, पण घरात वयस्क माणूस आहे आणि रोज गच्ची झाडणारं कुणीतरी आहे, तेव्हा हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

एकदम तोडू नका. या आठवड्यात निम्मं, पुढच्या आठवड्यात त्याच्या निम्मं, मग बंद. पारवे उपाशी मरणार नाहीत. ते काही किलोमीटर सहज जाऊन येतात. मार्केट यार्डात आणि आडतींसमोर सांडलेलं धान्य असतं, शहराबाहेर शेतं आहेत. बंद केल्यावर काही दिवस ते कठड्यावर रांगेनं बसून तुमच्याकडं बघतील. त्या दिवसांत ‘आजच्या दिवस मूठभर’ केलंत की पहिल्यापासून सुरू.

सासूबाईंपुढं मात्र फुप्फुसं आणि हायकोर्ट काढू नका. त्यांचा नेम मोडायचा नाही, बदलायचा. त्यांना सिद्धेश्वराची आठवण करून द्या. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात अडुसष्ट लिंगं स्थापली आणि तळं खोदलं. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पुण्य कशात आहे, ते त्या योग्याला पक्कं ठाऊक होतं. चैत्र-वैशाखात आपल्याकडं लोक अजूनही पाणपोया घालतात. पाखराला चार दाणे कुठंही मिळतात. पण एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला, ओढे आटले आणि अंगणांत फरशा बसल्या, की घोटभर पाणी मिळणं मुश्किल होतं. मुक्या जिवाच्या तोंडचं काही काढायचं नाही, हे त्यांचं बरोबरच आहे. फक्त त्या तोंडाला सध्या काय हवंय ते बघायचं.

भांडं मातीचं घ्या. कुंडीखाली ठेवतात तसं पसरट परळ, फूट-दीड फूट रुंद. स्टीलचं नको, ते तापतं आणि पाय घसरतो. पाणी बोट-दीड बोट, त्याहून खोल नको. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पाखराला पाय टेकता येतो आणि चुकून पडलेली मधमाशीही वर येते. जागा सावलीची हवी. कमरेएवढ्या उंचीवर, आणि दाट झुडपापासून पाच-सहा फूट लांब. अगदी झुडपाला चिकटून ठेवलं तर मांजर तिथंच दबा धरतं, अगदी उघड्यावर ठेवलं तर पाखरं बिचकतात. दुसरं एक लहान परळ जमिनीवर ठेवा. होले आणि साळुंक्या खालीच उतरतात.

पाणी रोज बदलायचं आणि परळ रोज नारळाच्या काथ्यानं घासायचं. वरून नुसती भर घालून चालत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, आणि आपल्या उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. नळाला चार दिवसांआड पाणी आहे हे मान्य. पण दोन्ही परळांना मिळून दिवसाला दीड-दोन लिटर लागतं, आणि तेही वाया जात नाही. काल उरलेलं पाणी आज कुंडीत. साबण लावायचा नाही, आठवड्यातून एकदा कडक उन्हात वाळवलं की झालं.

यापुढची गोष्ट सासूबाईंना आवडेल. वैशाखात पिंडीवर गळती लावतात ना, तशी या परळावर लावा. जुनं मडकं घ्या, बुडाला बारीक भोक पाडा, त्यात कापसाची वात घाला आणि आंब्याच्या फांदीला टांगा. थेंब थेंब पडत राहतो. साचलेल्या पाण्यापेक्षा हलणारं पाणी पाखरांना लांबून दिसतं, ऐकूही येतं. फीडरपेक्षा हे मडकं जास्त पाखरं आणेल. बुलबुल येतील, साळुंकी येईल, काळी टोपी घातलेली भांगपाडी मैना येईल. सातभाई आले तर एकटा-दुकटा येत नाही, अख्खं भांडखोर कुटुंब येतं आणि सगळं पाणी उडवून जातं. पारवेही येतील, येऊ द्या. पाण्याला आलेला पारवा पिऊन निघून जातो, ठाण मांडून बसत नाही. रोज सकाळी परळ घासणं आणि गळती भरणं, हा झाला सासूबाईंचा नवा नेम.

मग दाणा अजिबात घालायचाच नाही का? घालायचा, पण पसरून नाही, टांगून. रब्बीची ज्वारी आता निघालेली आहे. गावाकडं किंवा मंगळवेढ्याकडं कुणी असेल तर मालदांडीची थोडी कणसं न मळता ठेवायला सांगा. बाजरीची मिळाली तर आणखी चांगली. चार-पाच कणसांची जुडी बांधून आडोशाच्या फांदीला उलटी टांगा. चिमण्या आणि मुनिया कणसाला लोंबकळून दाणे टिपतात. पारव्याला ते जमत नाही, त्याला पायाखाली सपाट जागा लागते. सुटा दाणाच घालायचा असेल तर वाटीभोवती दीड इंची चौकोनांची जाळी बांधून घ्या, म्हणजे लहान पाखरं आत जातात आणि पारवे बाहेर राहतात. राळे मिळाले तर जरूर ठेवा, मुनियांचा तो आवडता दाणा आहे. मूठभरच, तासाभरात संपेल एवढं. उरलेलं संध्याकाळी उचला, नाहीतर रात्री उंदीर जेवायला येतात. आणि उंदीर आलेच तर विषाच्या वड्या टाकू नका. ते उंदीर पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, खातो आणि तोही मरतो. पिंगळ्यासारखा फुकटचा उंदीरमाऱ्या दुसरा नाही. पावसाळ्यात सुटा दाणा बंदच ठेवा, ओला होऊन बुरशी धरतो.

तुमचा प्लास्टिकचा फीडर दाणे निम्मे खाली सांडतो आणि खाली सांडलेलं पारव्यांचं, त्यामुळे तो काढा. तसाही आपल्या उन्हात वर्षभरात तडकला असता.

सोलापूरच्या घरात शेंगदाणे नाहीत असं होत नाही, तेव्हा तेही सांगून टाकते. कच्चे, बिनमिठाचे, जाडसर भरड केलेले चालतात. खारे नकोत. खवट, काळपट, बुरशी आलेले ‘पाखरांना टाकू’ म्हणून बाजूला काढतात, ते तर मुळीच नकोत. त्या बुरशीचं विष पाखरालाही बाधतं. शेव, फरसाण, बिस्किटं, पाव, शिळा भात, यांतलं काही घालू नका. फळं चालतात. पिकलेली पपई किंवा पेरूची फोड खिळ्याला टोचून ठेवा, बुलबुल फडशा पाडतील. दुपारपर्यंत काढून टाका, मुंग्या येतात. घरात अंडी होत असतील तर टरफलं तव्यावर चांगली गरम करून, चुरून एका कोपऱ्यात ठेवा. अंडी घालणाऱ्या माद्यांना चुना लागतो.

तो इवलासा चमकणारा पक्षी म्हणजे सूर्यपक्षी. त्याच्यासाठी साखरेचं पाणी टांगायची गरज नाही. आपल्या उन्हात ते काही तासांत आंबतं. त्याला फुलं द्या. हमेलियाचं एक झुडूप लावा, नारिंगी नळ्यांची फुलं वर्षातला बराच काळ येतात आणि पाणीही फार मागत नाही. जास्वंद, डाळिंब, शेवगा, यांवरही तो येतो. डाळिंब आपल्या जिल्ह्यात काय नवीन सांगायचं! मादी साधीशी, पिवळट पोटाची असते. विणीच्या दिवसांत नर उन्हात जांभळा-निळा झळकतो. कधी वाळक्या काटक्या, कोळ्याची जाळी असा कचरा गोळा होऊन फांदीला लोंबलेला दिसला तर झाडू मारण्याआधी नीट बघा, ते त्याचं घरटं असू शकतं.

आता मुलाच्या वहीतल्या अळ्यांकडं या. अर्ध्या गुंठ्यात पाखरं हवी असतील तर किडे हवेत, आणि किडे हवे असतील तर फवारणी बंद. गुलाबावर मावा आला की लोक बाटली घेऊन धावतात. पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन टाका किंवा राहू द्या. शिंपी नावाचा छोटा पक्षी दिवसभर पानापानांखाली तेच शोधत असतो, आणि त्याला घरटं शिवायला एखादं रुंद पान मिळालं तर तो तुमच्याच अंगणात राहील. आंब्याखालचा पालापाचोळा रोज झाडून पेटवू नका. एका कोपऱ्यात साठू द्या. सातभाई तो उलथापालथा करून त्यातले किडे खातात, दयाळ तिथंच उतरतो. दयाळ ओळखू येईल, काळा-पांढरा, शेपूट उभारून बसणारा, आणि उन्हाळ्यात पहाटे जो गातो त्याला तोड नाही. दसऱ्यानंतर थिरथिरा येतो, काळसर अंग, तांबूस पोट आणि सारखी थरथरणारी शेपटी. हा हिवाळ्याचा पाहुणा तुमच्या दाण्याकडं ढुंकून बघत नाही, त्याला पाचोळ्यातले किडे पुरतात.

नर्सरीत गेलात की पाम, थुजा, ड्रॅसिना पुढं करतील. दिसायला छान, पाखरांच्या दृष्टीनं जवळजवळ रिकामे. त्याऐवजी तुतीची फांदी खोचा, सहज जगते आणि फळं लवकर धरते. लिंबू लावा, त्याच्या काट्यांत घरटी सुरक्षित राहतात. कढीपत्त्याला काळी फळं धरतील तेव्हा तोडू नका, बुलबुलांची मेजवानी असते. जवळपास कडुलिंब असेल तर तो कुणी तोडू नये एवढं बघा. निंबोळ्या पिकल्या की बुलबुल, साळुंक्या, कोकिळा सगळे तिथं गोळा होतात.

लॉन असेल तर काढा, असं मी नेहमी सांगते आणि लोक नाराज होतात. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात लॉन कशाला? सोलापूरचा मूळ स्वभाव माळाचा आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं ते इथल्या उघड्या गवताळ माळांमुळेच. माळढोक काही तुमच्या अंगणात येणार नाही. पण इथली पुष्कळ पाखरं गवताची आणि खुरट्या झुडपांची सवय असलेली आहेत, त्यांना गर्द जंगल लागत नाही. म्हणून चार बाय सहा फुटांचा एक वाफा मोकळा सोडा. मृगाच्या पावसानंतर त्यात बाजरी फेका. राजगिऱ्याचं एखादं झाड आलं तर बी धरेपर्यंत उपटू नका, रानगवतही वाढू द्या. साधारण तीन महिन्यांत बाजरीला कणसं भरतात. ती कापायची नाहीत. पांढऱ्या गळ्याच्या मुनिया थव्यानं उतरतील, गवताच्या काड्या घरट्यासाठी ओढून नेतील. फीडर धुवायला नको, दाणा विकत आणायला नको.

चिमण्यांचं सगळ्यात शेवटी घेते, कारण त्यात धीर लागतो. पूर्वी वासे, कौलं, भिंतीवरच्या तसबिरींमागची जागा, दिव्याची वाटी असं काहीही चिमणीला चालायचं. स्लॅबच्या घरात तसं भोकच राहिलेलं नाही. म्हणून लाकडी पेटी लावा. भोक बत्तीस मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. त्याहून मोठं केलं की साळुंकी शिरते. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र सोय होते. आठ-दहा फूट उंचीवर, छज्ज्याखाली, पूर्वेकडं किंवा उत्तरेकडं तोंड करून. पश्चिमेच्या भिंतीवर पेटी भट्टी होते, आणि पत्र्याची तर कुठल्याच भिंतीवर नको. एकच लावू नका, थोड्या अंतरानं तीन-चार लावा, चिमण्यांना शेजार लागतो. पंख्याच्या खोलीत मात्र घरटं होऊ देऊ नका, विणीच्या दिवसांत त्या खोलीची खिडकी बंद ठेवा. आणि अंगणात धूळ ठेवा! ताटाएवढी कोरडी, बारीक मातीची जागा. चिमण्या पाण्याइतक्याच मातीतही अंघोळ करतात. अंगणभर फरशी असेल तर त्या कुठं लोळणार?

पाण्यावर पाखरं लवकर जमतात, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत. सूर्यपक्षी हमेलिया फुलल्यावर. पेट्या मात्र एखादा हंगाम रिकाम्याही राहतात, तेवढ्यावरून काढून टाकू नका.

पोपटाचं उत्तर सोपं आहे. आपले देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. कुणी ‘लहानपणापासून माणसाळलेला आहे’ म्हणून विकायला आणला तरी तोच गुन्हा. मुलाला सांगा की पेरू लावला तर पोपट स्वतःहून येतील, अर्धं खाऊन अर्धं खाली टाकतील, आणि त्यासाठी त्याला पिंजरा साफ करावा लागणार नाही. जखमी किंवा उन्हानं कोसळलेलं पाखरू सापडलं तर छिद्रं पाडलेल्या खोक्यात, सावलीत, शांत जागी ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

बारीकसारीक दोन गोष्टी. बुलबुल किंवा सूर्यपक्षी मोटारसायकलच्या आरशावर चोची मारताना दिसला तर आरशावर जुना मोजा चढवा. त्यात त्याला दुसरा नर दिसतो आणि तो दमेपर्यंत भांडत बसतो. आणि पाखरं वाढली की एखाद्या सकाळी शिक्रा हा शिकारी पक्षी झडप घालून चिमणी उचलेल. मुलगा रडेल. शिक्र्याला दगड मारू नका, त्यालाही पिल्लं आहेत. फक्त परळापासून पाच-सहा फुटांवरचं काटेरी झुडूप दाट ठेवा, म्हणजे पाखरांना पळायला जागा मिळते.

राहिले शेजारचे काका. ज्वारी बंद केल्यावर पारवे कमी व्हायला थोडे दिवस लागतील, तोवर वाट बघू नका. येत्या रविवारी सकाळी, पाट्या तापायच्या आत, त्यांच्या परवानगीनं त्यांचं सोलर तुम्ही स्वतः धुऊन द्या. तोंडाला मास्क बांधा. वाळलेली घाण खरवडू किंवा झाडू नका, आधी पाणी शिंपडून भिजवा, मऊ फडक्यानं पुसून काढा, म्हणजे धूळ उडत नाही आणि काचेवर चरेही पडत नाहीत. आपल्या गच्चीलाही हीच रीत. धुऊन झालं की गच्चीवरची ज्वारी बंद करतोय एवढं सांगा आणि चिमण्यांच्या पेट्यांतली एक त्यांच्या पूर्वेच्या भिंतीवर लावू का, ते विचारा.